वळिवड्यातली पोलिश आई

कोल्हापुरात कुणाच्याही घरी लग्न ठरलं की "बस्ता गांधीनगरातनंच बांधूया, स्वस्त पडतंय" हे वाक्य आलंच म्हणून समजा. आम्ही पन्हाळ्याची माणसंसुद्धा गड उतरून, कोल्हापूर ओलांडून पार पलीकडे गांधीनगरला जातो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी ही पेठ उभी केली, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते सिंधी निर्वासित तिथे आले तेव्हा त्यांना राहायला बराकींच्या रांगाच्या रांगा तयार कशा काय मिळाल्या, हे सहसा कुणी विचारत नाही.

त्या बराकी पोलंडच्या लोकांसाठी बांधलेल्या होत्या. १९४३ ते १९४८, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं, वळिवडे गावाच्या हद्दीत एक अख्खं पोलिश गाव नांदत होतं. भरात असताना पाच हजारांच्या आसपास वस्ती. चर्च, दवाखाना, शाळा, अनाथालय, नाटकं, सिनेमा, सहकारी दुकान... सगळं होतं. नव्हते ते फक्त पुरुष. म्हणजे होते, पण थोडे, आणि तेही बहुतेक म्हातारे. बाकी सगळ्या बायका आणि मुलं.

ही गोष्ट हल्ली बऱ्यापैकी लोकांपर्यंत पोचली आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभाचं अनावरण झालं, तेव्हा छावणीत वाढलेली काही म्हातारी मंडळी जगभरातून आली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहिली, तेव्हा तर व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड्सचा पाऊस पडला. या सगळ्यात गोष्टीचे नायक आपण असतो. अतिथी देवो भव, कोल्हापूरकरांचं मोठं मन, वगैरे. ते खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही (कोल्हापूरकर असून कसं म्हणू? :)). पण या गोष्टीच्या मधोमध एक बाई उभी आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही असं मला सारखं वाटत राहतं.

ती म्हणजे त्या मुलांची आई. मुलं मोठी झाली, त्यांनी आठवणी लिहिल्या, मुलाखती दिल्या. नवरे सैन्यात होते, त्यांची नावं युद्धाच्या इतिहासात आली. आईने काही लिहिलं नाही. ती मुलांच्या आठवणीत येते ती भाकरीचा तुकडा कापून देणारी म्हणून. आज तिच्याबद्दल लिहायचंय. तिला मी नाव देत नाहीये, कारण ही एकीची कहाणी नाही. वळिवड्यात तिच्यासारख्या शेकडोजणी होत्या आणि खाली जे येतंय ते त्यांच्यापैकी बहुतेकींच्या वाट्याला थोड्याफार फरकाने आलेलं आहे.

*

सुरुवात जमिनीपासून करायला हवी, कारण तिच्या आयुष्यातलं सगळं बरंवाईट जमिनीपायी झालं.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१८ मध्ये, पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. लगेच त्याची बोल्शेविक रशियाशी लढाई जुंपली आणि १९२० मध्ये पोलंडने ती जिंकली. आपल्याकडे पूर्वी लढाईत पराक्रम गाजवला की राजा इनाम जमीन द्यायचा. पोलंडच्या संसदेनेही साधारण तेच केलं. १७ डिसेंबर १९२० ला कायदा झाला आणि लढलेल्या सैनिकांना देशाच्या पूर्व सीमेवर जमिनी देण्याचं ठरलं. कमाल मर्यादा ४५ हेक्टर, प्रत्यक्षात बहुतेकांना याहून बरीच कमी मिळाली. या वसाहतकऱ्यांना पोलिश भाषेत 'ओसाद्निक' म्हणतात. त्यांच्या मागोमाग, जमीन विकत घेऊन तिकडे गेलेले साधे शेतकरीही होते.

तर ही बाई अशा एखाद्या ओसाद्निकाची बायको. माहेर मध्य किंवा पश्चिम पोलंडातलं, आणि संसार शेकडो किलोमीटर पूर्वेला, अनोळखी मुलखात. महायुद्धात सैन्यांनी दोन-तीनदा तुडवलेली जमीन. कुठे खंदक, कुठे काटेरी तारा, कुठे नुसतं रान. कित्येकांनी पहिले हिवाळे जमिनीत खड्डा खणून, वर लाकडं आणि माती टाकून केलेल्या खोपटात काढले. मग घर, गोठा, विहीर. राय, बटाटे, जवस. दोन-चार गाई, डुकरं, कोंबड्या, मधमाश्यांच्या पेट्या. नवरा बहुतेक वेळा मुळातला शेतकरी नसायचा, सैन्यातला शिपाईगडी. त्यामुळे घरातलं शेतीचं खरं ज्ञान पुष्कळदा बाईकडेच असायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर ही गोष्ट उगाच गुळगुळीत होते. ती जमीन रिकामी नव्हती. म्हणजे त्या तुकड्यावर कुणी राहत नसेलही, पण आजूबाजूची गावं युक्रेनियन आणि बेलारूसी शेतकऱ्यांची होती. ते पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला आसुसलेले. जमीनदारांच्या जमिनी फुटल्या तर त्या आपल्याला मिळतील अशी आस लावून बसलेले. आणि त्या मिळाल्या कुणाला, तर सरकारने बाहेरून आणून बसवलेल्या पोलिश सैनिकांना. या बाईचा यात काही दोष नव्हता. शेजारणीशी तिचं चांगलंच असेल, बाळंतपणात एकमेकींकडे गेल्या असतील. पण ती त्या मुलखात उपरी होती, आणि आपण उपरे आहोत हे उपऱ्याला कळतंच.

*

१ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनचं. ओसाद्निकांचा सगळा पट्टा सोव्हिएत बाजूला गेला. आणि सोव्हिएत सरकारच्या लेखी १९२० मध्ये आपल्याला हरवून, बक्षिसाच्या जमिनीवर बसलेली ही माणसं म्हणजे पक्के शत्रू. त्यांच्या याद्या तयार व्हायला लागल्या.

१० फेब्रुवारी १९४०. मध्यरात्रीनंतर दारावर थाप. उणे तीस-चाळीसच्या घरातली थंडी. बंदूकधारी शिपाई, आणि बरोबर बहुधा गावातलाच एक ओळखीचा माणूस. नवऱ्याला भिंतीशी उभं करायचं किंवा जमिनीवर बसवायचं, हालला तर खबरदार. आणि बायकोला सांगायचं, सामान बांध. कुणाला अर्धा तास मिळाला, कुणाला तास-दोन तास.

मला या सगळ्या इतिहासातला हा तास सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या तासात बाईने काय उचललं यावर पुढे तिची मुलं जगणार की मरणार हे ठरलं. तिला कुठे नेणार ते माहीत नाही, किती दिवसांसाठी तेही माहीत नाही. नवरा हलू शकत नाही. मुलं रडतायत. अशा वेळी काहीजणींनी भिंतीवरची देवाची तसबीर उचलली. काहीजणी सुन्न होऊन नुसत्या बसून राहिल्या. आणि काहींनी पिसांच्या गाद्या-रजया, पिठाचं पोतं, कुऱ्हाड, करवत, शिवणयंत्राचा वरचा भाग असं सामान बाहेर काढलं. काही ठिकाणी एखाद्या शिपायालाच दया आली आणि त्याने हळूच सांगितलं, बाई, गरम कपडे घे, जास्त घे, तिकडे काही मिळणार नाही. पुढे याच रजया आणि कपडे एकेक करून बटाट्यांवर विकले गेले आणि घर जगलं.

गोठ्यातल्या गाई तशाच राहिल्या. मागे वळून ऐकलेला शेवटचा आवाज गुरांच्या हंबरण्याचा किंवा कुत्र्याच्या रडण्याचा होता, हे अनेकांच्या आठवणींत येतं. ज्याच्या घरी जनावरं आहेत त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्या एका कारवाईत सुमारे १ लाख ४० हजार माणसं उचलली गेली. एप्रिल १९४० मध्ये दुसरी फेरी झाली, साधारण ६० हजारांची. त्यात मुख्यतः अटकेत असलेल्या किंवा मारल्या गेलेल्या पुरुषांच्या बायकामुलांचा समावेश होता. मग जूनमध्ये आणखी एक, आणि १९४१ मध्ये आणखी एक. गुरांच्या डब्यांत भरून, आठवडेच्या आठवडे प्रवास. डब्याच्या मध्ये लोखंडी शेगडी, जमिनीला एक भोक. ते भोक म्हणजे संडास. पहिल्या दिवशी बायकांनी त्याच्याभोवती चादर धरली. तान्ही मुलं वाटेत गेली, आणि ती प्रेतं रुळांशेजारच्या बर्फात ठेवून गाडी पुढे निघाली.

फेब्रुवारीतले लोक बहुतेक उत्तरेकडच्या आणि उरलच्या जंगलांत लाकूडतोडीला लावले गेले. एप्रिलमधल्या बायका कझाकस्तानच्या माळावर सरकारी शेतांत. नियम सोपा होता, काम तेवढी भाकरी. नवरा आजारी पडला किंवा वारला की बाईच्या एका भाकरीत तीन-चार तोंडं. शेतकरीण असल्याचा इथे उपयोग झाला. कुठलं गवत खाता येतं, कुठलं अळंबं विषारी, बटाट्याच्या सालीला डोळा असेल तर ती लावली की उगवते, हे तिला ठाऊक होतं. शहरी बायकांना ते ठाऊक नव्हतं, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

*

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि सगळं चित्र पालटलं. स्टालिनला दोस्त हवे होते. ३० जुलै १९४१ ला लंडनमधल्या पोलिश सरकारशी करार झाला, आणि १२ ऑगस्टला या लोकांना 'माफी' जाहीर झाली. (गुन्हा काय होता ते विचारू नका.) जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली रशियातच पोलिश सैन्य उभं राहायला लागलं. ही बातमी जंगलांत पोचली तशी माणसं दक्षिणेला, उझबेकिस्तानकडे निघाली. पुरुष सैन्यात भरती झाले. बायकामुलं छावण्यांच्या आसपास घोटाळत राहिली. आणि नेमकी तिथे टायफसची साथ आली. जी माणसं उणे चाळीसमध्ये टिकली, ती उबदार उझबेकिस्तानात पटापट मेली.

आता आईपुढचा दुसरा निर्णय. सैन्याने पोलिश मुलांसाठी अनाथालयं काढली होती. तिथे निदान जेवण होतं, आणि महत्त्वाचं म्हणजे सैन्याबरोबर अनाथ मुलांना देशाबाहेर नेणार अशी कुणकुण होती. पण अनाथालयात प्रवेश अनाथाला. मग कित्येक आयांनी आपली मुलं दारात नेऊन सोडली आणि त्यांना पढवलं, कुणी विचारलं तर सांगायचं आई मेली. सहा-सात वर्षांच्या पोराला हे शिकवायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. काही आयांची नंतर मुलांशी भेट झाली. बऱ्याचजणींची झाली नाही, कारण मुलाने पढवल्याप्रमाणे सांगितलेलं खोटं काही आठवड्यांत खरं झालं.

मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट १९४२ अशा दोन खेपांत सुमारे १ लाख १५ हजार माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर (आजचं बंदर-ए-अंझली) उतरली. त्यात साधारण तिसरा हिस्सा नागरिक. डोकी भादरली, उवांनी भरलेले कपडे जाळले, स्वच्छ कपडे आणि पोटभर खाणं दिलं. उपाशी आतड्यांना ते खाणंच झेपलं नाही, हगवणीने शेकडो गेले. तेहरानच्या दुलाब दफनभूमीत जवळपास दोन हजार पोलिश थडगी आहेत. सुटका झाल्यावर मेलेली ही माणसं.

सैन्य पुढे पॅलेस्टाईन आणि इटलीकडे गेलं. बायकामुलांचं करायचं काय, हा प्रश्न ब्रिटिशांपुढे पडला. त्यांना पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान असं वाटून दिलं गेलं. हिंदुस्थानात गुजरातमधल्या बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२ मध्ये मुलांची छावणी काढली, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. पण देशातली सर्वांत मोठी छावणी आपल्या वळिवड्याची. कोल्हापूर संस्थानात तेव्हा राजाराम महाराजांना जाऊन दोनेक वर्षंच झाली होती, गादीवर दत्तक घेतलेलं लहान मूल होतं. अशा काळात कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कडेची ही जागा निवडली गेली आणि १९४३ च्या पावसाळ्याच्या सुमारास कराचीमार्गे पोलिश कुटुंबं इथे यायला लागली. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर. मुंबईतले पोलिश कॉन्सुल बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी यासाठी खूप खटपट केली.

*

वळिवड्याबद्दल वाचताना मला सर्वांत भावलेला तपशील अगदी साधा आहे. इथे सामुदायिक भटारखाना नव्हता (अनाथालय सोडून). लांबलचक बराकींचे भाग पाडलेले आणि प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली, ओसरी आणि स्वतःची चूल. महिन्याला भत्ता मिळायचा, बाजार करायचा, आपलं आपण रांधायचं.

तीन वर्षांनी त्या बाईच्या हातात पुन्हा चूल आली. रांगेत वाडगं धरून उभं राहायचं नाही. मुलांना आज काय घालायचं ते आपण ठरवायचं. छावणी म्हटलं की आपल्याला तंबू, कुंपण, रांगा आठवतात. पण या बायकांच्या दृष्टीने वळिवडे म्हणजे फेब्रुवारी १९४० नंतरचं पहिलं घर होतं. मग ओसरीपुढे दोन हातांची बाग आली. फुलं, भाजीपाला, आणि कधी पाहिली नव्हती अशी पपई आणि केळ. शेतकऱ्याच्या बाईला माती दिली की ती गप्प बसणार थोडीच! दारावर येणाऱ्या दूधवाल्या-भाजीवाल्यांना कामापुरतं पोलिश यायला लागलं आणि मुलांना मोडकंतोडकं मराठी-हिंदी. बायका शिवणकामाच्या कारखान्यात, दवाखान्यात, अनाथालयात, शाळांत कामं करत होत्या.

पन्हाळ्याचा संबंध इथे येतो. छावणीतल्या मुलांच्या सहली आणि स्काउटांचे तळ आमच्या गडावर यायचे. तीन हजार फुटांची उंची, पावसाळ्यात धुकं, थंड वारा. कोल्हापूरच्या उन्हाने कावलेल्या त्या पोरांना इथे बरं वाटत असणार. पन्हाळ्याला येणारा प्रत्येकजण सिद्दी जौहरचा वेढा आणि बाजीप्रभूंची गोष्ट ऐकून जातो. ती पोरंही तीन दरवाज्यातून गेली असतील, अंबरखान्याच्या त्या प्रचंड कोठारांत शिरली असतील. वेढ्याच्या दिवसांत गड धान्यावर जगतो, हे त्या मुलांना वेगळं समजावून द्यायची गरज नव्हती. गडावर जाणाऱ्या पोराच्या पिशवीत आईने खाण्याचं बांधून दिलेलं असणार. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे बांधून द्यायला काही नव्हतं.

आणि ती वाट बघत होती, पोस्टमनची. नवरा, मोठा मुलगा आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर इटलीत. मे १९४४ मध्ये पोलिश सैन्याने माँते कासिनोचा डोंगर घेतला, त्यात त्यांचे सुमारे हजारभर सैनिक पडले. वळिवड्यात ती विजयाची बातमी होती आणि त्याच वेळी कुणाच्या घरी पत्र येणार याची धास्ती. आता गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर). त्याच इटलीत, ब्रिटिशांच्या त्याच आठव्या आर्मीत, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी लढत होत्या. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर दाखवलेल्या शौर्यासाठी मिळाला, आणि त्याच दिवसांत पोलिश सैन्यही ती नदी ओलांडून बोलोन्याकडे निघालं होतं. म्हणजे वळिवड्याच्या बराकीतली आई आणि मराठी मुलखातल्या कुठल्याशा खेड्यातली आई, दोघी एकाच आघाडीवरून येणाऱ्या पत्राची वाट बघत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पोस्टमन दिसल्यावर पोटात पडणारा खड्डा सारखाच.

*

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले आणि त्यांनी पोलंडची सीमा पश्चिमेला सरकवली. तिची जमीन, ती विहीर, तो गोठा सोव्हिएत युनियनमध्ये गेला, कायमचा. युद्ध आपल्या बाजूने जिंकलं आणि घर गेलं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या, साम्यवादी सरकारला मान्यता दिली. ज्या सरकारच्या भरवशावर छावणी चालत होती त्याला एका दिवसात काही अर्थ उरला नाही. पुढे छावणीचा कारभार आंतरराष्ट्रीय मदत संस्थांकडे गेला आणि प्रत्येक आईला एकच प्रश्न विचारला जाऊ लागला. परत जाणार का?

परत म्हणजे कुठे? घर होतं तिथे आता तोच देश होता ज्याने मध्यरात्री दार ठोठावलं होतं. थोडी कुटुंबं पोलंडला परतली. ज्यांचा नवरा किंवा मुलगा ब्रिटनमध्ये होता त्या ब्रिटनला गेल्या. काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही पुढे ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडाकडे. १९४८ च्या सुरुवातीला वळिवडे रिकामं झालं. ब्रिटनमध्येही पहिली काही वर्षं सैन्याच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांतच गेली. पुन्हा बराक, पुन्हा पहिल्यापासून संसार.

पण काहीजणी गेल्याच नाहीत.

कोल्हापूर शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत सत्तरहून अधिक पोलिश माणसं पुरलेली आहेत. त्यांत मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, आणि अशा आया आहेत. रशियातल्या जंगलात शरीर आतून पोखरून निघालं होतं, त्यावर क्षय, मलेरिया. क्षयाच्या रोग्यांना पाचगणीला पाठवत, सगळेच बरे होऊन परत येत नसत. आई वारली की मुलं छावणीच्या अनाथालयात जायची आणि इटलीतल्या बापाला पत्र जायचं. म्हणजे त्या घरात उलट दिशेने पत्र गेलं. लढाईवर असलेला जिवंत, आणि सुरक्षित ठिकाणी ठेवलेली गेली.

जाताना मुलांनी त्या थडग्यांवर शेवटची फुलं वाहिली असतील. पोलिश लोकांत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या माणसांच्या थडग्यावर पणत्या-मेणबत्त्या लावायची पद्धत आहे, आपल्या सर्वपित्रीसारखीच घट्ट पाळलेली. कोल्हापुरातून निघताना त्यांना ठाऊक होतं की पुढच्या नोव्हेंबरात इथे कुणी असणार नाही. जमीन सुटली ती जबरदस्तीने. आईचं थडगं मात्र स्वतःच्या पायांनी सोडून जावं लागलं.

*

मी यावर बराच विचार केला की मग या बाईने केलं तरी काय, म्हणजे इतिहासात नोंद घ्यावी असं. लढाई जिंकली नाही, करारावर सही केली नाही. पण जरा हिशेब मांडू. १९४० ते १९४८. गुरांचा डबा, जंगल, उझबेकिस्तान, इराण, कराची, वळिवडे. या सगळ्या ठिकाणी नवरा नाही, सरकार नाही किंवा असून नसल्यासारखं, पैसा नाही, भाषा येत नाही. तरी मुलं प्रार्थना विसरली नाहीत, पोलिश वाचायला लिहायला शिकली, शाळेत गेली, परीक्षा पास झाली. २०१९ मध्ये वळिवड्याला आलेली ती म्हातारी माणसं म्हणजे त्या बाईच्या कामाचा पुरावा. मेलेल्या आईची मुलंसुद्धा जगली ती दुसऱ्या आयांनी ओढून घेतली म्हणून.

स्मारकांची यादी केली तर जामसाहेबांच्या नावाचा चौक वॉर्सात आहे. माँते कासिनोचं स्मारक आहे. कोल्हापूरचं स्मारक आहे. वळिवड्याला स्तंभ आहे. सगळी योग्यच आहेत. त्या शेतकरणीचं म्हणाल तर कोल्हापूरच्या मातीतला एक दगड. तिला आयुष्यात एकदाच सरकारने जमीन दिली, ती परत गेली. आणि शेवटी कायमची मिळालेली जमीन आमच्या करवीरात, सहा बाय तीन फुटांची.

बराकी रिकाम्या झाल्या आणि लगेचच सिंधी कुटुंबं आली. त्यांतही घर मागे सोडून आलेल्या, ट्रंकेत काय भरायचं ते घाईत ठरवलेल्या आया होत्या. त्यांनी त्याच चुली पेटवल्या असतील. त्यांची गोष्टही कुणीतरी लिहायला हवी. ती सांगू शकणारी माणसं गांधीनगरात अजून असतील, पण फार वर्षं नसतील. तुमच्यापैकी कुणाची आजी त्यातली असेल तर तिच्याशेजारी बसून फक्त एवढंच विचारा, निघताना काय काय घेतलंस?

असो. लेख नेहमीपेक्षा लांबला. पुढच्या वेळी पन्हाळ्याला झुणका-भाकरी खायला याल तेव्हा परतताना कोल्हापुरात तासभर काढा आणि त्या दफनभूमीत जाऊन या. दगडांवरची नावं आपल्याला नीट वाचताही येत नाहीत, पण साल आणि वय वाचता येतं. तेवढं पुरे आहे.